स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून की ओपन? आकार टिकवायचा असेल तर निर्णय या क्रमाने घ्या

छेद लहान म्हणजे स्तन चांगला दिसणार, असं धरूनच बरेच जण सर्जनच्या खोलीत शिरतात आणि पहिलाच प्रश्न टाकतात, "डॉक्टर, दुर्बिणीतून होईल का?" हा प्रश्न विचारायलाच हवा, पण चौथ्या-पाचव्या नंबरवर. त्याच्या आधीचे प्रश्न सुटले नाहीत, तर काखेत लपलेला तीन सेंटिमीटरचा व्रण आणि समोर खड्डा पडलेला, एका बाजूला ओढला गेलेला स्तन पदरी येऊ शकतो. उलट, लांब छेद घेऊन नीट आखणीने केलेल्या ओपन ऑपरेशननंतर वर्षभराने व्रण शोधावा लागतो, असंही होतं.

दिसणं कशावर ठरतं ते आधी सांगून टाकते: स्तनातला किती भाग गेला, कुठून गेला, पोकळी कशी भरली, रेडिएशन किती आणि कसं मिळालं, आणि पुन्हा ऑपरेशन करावं लागलं का. छेदाची लांबी यानंतर येते. पुढचे टप्पे याच क्रमाने लावले आहेत. ते उलटसुलट केले तर पुढचं पाऊल आधीचं पाऊल बिघडवतं.

## टप्पा १: गाठ काढण्याआधी सुईची बायोप्सी आणि पूर्ण तपासण्या

सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते. गाठ हाताला लागते, कुणीतरी म्हणतं, "छोटीशीच आहे, काढून तपासायला पाठवू." गाठ काढली जाते, छेद जिथे सोयीचा वाटला तिथे घेतला जातो आणि आठवड्याने रिपोर्टमध्ये कर्करोग निघतो. आता काढलेल्या तुकड्याच्या कडा कर्करोगापासून मोकळ्या आहेत की नाहीत याचा पत्ता नाही, गाठीची मूळ जागा धूसर झाली, आत रक्त साकळलं आणि दुसरं ऑपरेशन त्याच चुकीच्या छेदातून करावं लागतं. बोंड वाचवण्याचा किंवा लपलेल्या जागेतून शिरण्याचा पर्याय अनेकदा तिथेच संपतो.

म्हणून निदान जाड सुईच्या बायोप्सीने, म्हणजे कोअर बायोप्सीने करून घ्या. त्वचेवर दोन-तीन मिलिमीटरचं टोचणं उरतं, आणि कर्करोगाचा प्रकार, ग्रेड, ईआर, पीआर (हार्मोनला प्रतिसाद देणारे घटक) आणि हर-टू (पेशींवरचं एक प्रथिन) हे सगळं त्या तुकड्यांतून कळतं.

सर्जनला भेटण्याआधी फाइलमध्ये एवढं हवं:

- दोन्ही स्तनांची मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी, आणि नुसते रिपोर्ट नाहीत तर फिल्म किंवा सीडीसुद्धा
- गाठीचं माप, घड्याळाच्या काट्याप्रमाणे तिची दिशा (उदाहरणार्थ "उजवा स्तन, ७ वाजता") आणि बोंडापासूनचं अंतर
- गाठ एकच आहे की अनेक, आणि कॅल्शियमचे कण किती भागात पसरलेत
- काखेची सोनोग्राफी
- डॉक्टरांनी सुचवला असेल तर एमआरआय
- घरात कमी वयात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल तर जनुकीय तपासणीबद्दलचा सल्ला

इशारा: ऑपरेशनआधी किमो द्यायचं ठरलं असेल, तर किमो सुरू होण्यापूर्वी गाठीत धातूची बारीक क्लिप बसवली आहे का ते विचारा. किमोने गाठ पूर्ण विरघळली आणि खूण नसली, तर सर्जनला अंदाजाने जास्त भाग काढावा लागतो. आकार वाचवण्यासाठी दिलेल्या किमोचा मग त्या बाबतीत काही फायदा उरत नाही.

## टप्पा २: स्तन राखायचा की पूर्ण काढायचा

हा निर्णय कर्करोगाचा आहे. सौंदर्याचा विचार त्यानंतर. मात्र इथे एक मोठा गैरसमज वाटेत येतो: "सगळं काढलं की सुरक्षित." बर्नार्ड फिशर यांची अमेरिकेतली बी-०६ चाचणी आणि उम्बेर्तो वेरोनेसी यांची मिलानमधली चाचणी, दोन्हींचे वीस वर्षांचे निकाल २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. योग्य निवडलेल्या स्त्रियांत स्तन राखून गाठ काढणं अधिक रेडिएशन, आणि संपूर्ण स्तन काढणं, या दोन्हींत जगण्याचं प्रमाण सारखंच निघालं. स्तन राखल्यावर त्याच स्तनात गाठ परत येण्याची थोडी शक्यता उरते. ती कमी करण्यासाठीच रेडिएशन असतं.

स्तन राखणं सहसा बसत नाही ते अशा वेळी: दाहक प्रकारचा कर्करोग, कॅल्शियमचे कण बहुतेक स्तनभर पसरलेले, त्या छातीवर आधी रेडिएशन झालेलं, रेडिएशन घेणंच शक्य नसणं, किंवा पुन्हा काढूनही कडा मोकळ्या न मिळणं.

पडताळा: या टप्प्यानंतर तुम्हाला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे: "माझा स्तन राखता येतो" किंवा "पूर्ण काढावा लागणार, कारण अमुक." ते कारण सांगता येत नसेल तर पुढे जाऊ नका. परत विचारा, किंवा दुसऱ्या सर्जनचं मत घ्या. त्यासाठी गेलेल्या आठवडाभराने आजारात सहसा फरक पडत नाही.

## टप्पा ३: किती जाणार याचं गणित कागदावर मांडा

घोडं पेंड खातं ते इथे. गाठीचं माप सगळ्यांना पाठ असतं, पण त्या मापाची स्तनाच्या आकाराशी तुलना कुणी करत नाही.

गाठ २ सेंटिमीटरची आहे आणि सर्जन भोवती १ सेंटिमीटर निरोगी भाग घेतो असं धरा. निघतो ४ सेंटिमीटर व्यासाचा गोळा, म्हणजे साधारण ३४ मिली. गाठ ३ सेंटिमीटरची असेल तर गोळा ५ सेंटिमीटरचा आणि आकारमान ६५ मिली. गाठीत फरक एका सेंटिमीटरचा, पण काढलेला भाग जवळपास दुप्पट. आता स्तन ३०० मिलीचा असेल तर पहिल्या गाठीत ११ टक्के जातात, दुसरीत २२. स्तन ७०० मिलीचा असेल तर तेच आकडे ५ आणि ९ टक्के होतात. प्रत्यक्षात तुकडा गोल नसतो, बऱ्याचदा छातीच्या स्नायूपर्यंत जातो, त्यामुळे आकडा थोडा वरच धरा.

दहा टक्क्यांच्या आत असेल तर साधं ओपन ऑपरेशनही बहुधा चांगलं दिसतं. वीस टक्क्यांच्या पुढे नुसती गाठ काढून त्वचा शिवली तर खड्डा पडण्याची शक्यता मोठी, मग छेद कितीही लहान असो. ऑन्कोप्लास्टिक पद्धतीत, म्हणजे कर्करोग काढतानाच स्तनाचा आकार बांधून घेण्यात, हीच सीमा मानतात: वीस टक्क्यांपर्यंत आजूबाजूची ग्रंथी मोकळी करून पोकळी भरायची, आणि वीस ते पन्नास टक्क्यांत स्तन लहान करण्याच्या शस्त्रक्रियेसारखी आखणी करून सगळा स्तन नव्याने बांधायचा. दुसऱ्या प्रकारात छेद लांब असतो, बोंडाभोवती आणि खाली उभा. व्रण जास्त, आकार चांगला.

जागाही पाहा. वरचा-बाहेरचा भाग सगळ्यात सोसणारा, तिथे भरायला ऊती मिळतात. आतला-वरचा भाग गळ्यातून दिसतो आणि तिथे मुळात चरबी कमी, म्हणून थोडा भाग गेला तरी उठून दिसतं. सगळ्यात फसवा खालचा भाग. तिथली पोकळी न भरता शिवली आणि वर रेडिएशन झालं की बोंड खाली वळतं. या विकृतीला सर्जन 'पक्ष्याची चोच' म्हणतात, आणि बाजूने पाहिलं की नाव पटतं.

सर्जनला नेमकं हे विचारा: "माझ्या स्तनाचा अंदाजे किती टक्के भाग जाईल, आणि ती पोकळी तुम्ही कशाने भरणार?" दुसऱ्या अर्ध्याचं उत्तर "आपोआप भरते" असं आलं तर सावध व्हा. आपोआप भरतं ते पाणी. ते कसं फसवतं ते टप्पा ७ मध्ये आहे.

## टप्पा ४: आता छेद आणि पद्धत

"कमी छेदाची शस्त्रक्रिया" या एका पाटीखाली चार वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. तुम्हाला सुचवलेली कोणती हे आधी ठरवा, कारण चारहींचे निकाल वेगळे आहेत.

४.१ ओपन, पण लपवलेला छेद. यात दुर्बीण नाही, यंत्र नाही. बोंडाभोवतीच्या काळसर गोलाच्या कडेने, स्तनाखालच्या घडीत किंवा काखेच्या रेषेत छेद घेऊन सर्जन आतून गाठीपर्यंत जातो. गाठ नेमकी सापडावी म्हणून आधी तार, चुंबकीय बी किंवा टेबलावरच सोनोग्राफी वापरतात. बहुतेक लहान गाठींसाठी माझ्या मते आधी हाच पर्याय तपासावा. गाठीच्या अगदी वरून घेतलेल्या छेदापेक्षा व्रण खूप कमी दिसतो, आणि त्यासाठी कुठलंही महागडं उपकरण लागत नाही.

४.२ दुर्बिणीच्या मदतीने गाठ काढणं. काखेतून किंवा बोंडाच्या कडेने दुर्बीण घालून ग्रंथी मोकळी करतात आणि गाठ काढतात. समोर व्रण नसतो, हा खरा फायदा. गाठ बोंडापासून दूर असेल आणि लांबचा बोगदा करावा लागत असेल तेव्हा दुर्बिणीतून दिसणं सोपं होतं. पण काढलेला भाग तेवढाच असतो. ३०० मिलीच्या स्तनातून ६५ मिली काढले तर दुर्बीण ते परत आणून देत नाही.

४.३ दुर्बिणीतून किंवा रोबोटने, बोंड राखून पूर्ण स्तन काढणं. खरी तुलना इथे आहे. ओपन पद्धतीत बोंड राखायचं असेल तर सहसा स्तनाखालच्या घडीत किंवा बाहेरच्या बाजूला लांब छेद लागतो. दुर्बीण किंवा रोबोट वापरला तर काखेजवळच्या काही सेंटिमीटरच्या छेदातून आतली सगळी ग्रंथी काढून तिथूनच इम्प्लांट, म्हणजे आकार देणारी कृत्रिम पिशवी, बसवता येतं. हात खाली असताना व्रण दिसतच नाही. मिलानमध्ये ८० स्त्रियांवर झालेल्या यादृच्छिक चाचणीत रोबोटिक गटात वेळ एका तासाहून जास्त लागला, गुंतागुंतीत मोठा फरक नव्हता, आणि स्तनाबद्दलचं समाधान रोबोटिक गटात जास्त निघालं. ८० हा आकडा लहान आहे हे विसरू नका. दुसऱ्या बाजूला, अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) फेब्रुवारी २०१९ मध्ये सावधगिरीची सूचना काढली: कर्करोगासाठी रोबोटने स्तन काढण्याची सुरक्षितता आणि परिणामकारकता सिद्ध झालेली नाही. दोन्ही गोष्टी एकत्र वाचा. व्रण छान दिसतो हे कळलं आहे. वीस वर्षांनी आजाराचं काय होतं हे ओपनसाठी माहीत आहे, रोबोटसाठी तेवढी वर्षं अजून झालेलीच नाहीत.

बोंड राखणं सगळ्यांना चालत नाही. कर्करोग बोंडात किंवा त्वचेत गेलेला असेल, पॅजेटचा आजार (बोंडाच्या त्वचेतला कर्करोग) असेल, बोंडातून रक्ताळ स्राव येत असेल, किंवा कर्करोग दाहक प्रकारचा असेल तर बोंड जातंच. राखलेल्या बोंडाची संवेदना बहुतेक वेळा जाते, हेही आधीच ऐकून ठेवा. ते दिसतं, पण जाणवत नाही. स्तन फार मोठा आणि ओघळलेला असेल तर लहान छेदातून ग्रंथी काढल्यावर उरलेली जास्तीची त्वचा सुरकुतते आणि बोंड चुकीच्या जागी बसतं. तिथे ओपन पद्धतच सरस ठरते, कारण त्वचा कापून बसवता येते.

४.४ सुईने गोठवणं किंवा व्हॅक्यूमने काढणं. क्रायोॲब्लेशनमध्ये सुई घालून गाठ जागेवरच गोठवतात. व्रण नगण्य, खड्डा जवळपास नाही. पण काहीच बाहेर काढलं जात नसल्याने कडा मोकळ्या आहेत का हे तपासता येत नाही. अमेरिकेतली आयसीई-३ चाचणी साठ किंवा त्याहून अधिक वयाच्या स्त्रियांवर, दीड सेंटिमीटरपर्यंतच्या, कमी धोक्याच्या, हार्मोन-पॉझिटिव्ह गाठींवर झाली. तुमची गाठ या चौकटीत नसेल तर हा पर्याय विचारात घेऊ नका. व्हॅक्यूमने गाठ काढण्याचं मुख्य काम साध्या, बिनकर्करोगाच्या गाठींत आहे.

इशारा: दुर्बिणीच्या किंवा रोबोटच्या ऑपरेशनला होकार देण्याआधी तीन प्रश्न विचारा. "तुम्ही स्वतः अशी किती ऑपरेशनं केलीत? त्यातल्या किती जणींच्या बोंडाची त्वचा काळी पडली? मध्येच ओपन करावं लागलं तर छेद कुठे घ्याल?" तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधीपासून ठरलेलं असलं पाहिजे. ठरलेलं नसेल तर घाईत घेतलेला छेद तुमच्या अंगावर कायमचा राहतो.

## टप्पा ५: काखेचं ऑपरेशन आणि निळा रंग

स्तनातून कर्करोग पसरला तर आधी जिथे पोहोचेल ती काखेतली पहिली लसिका ग्रंथी, म्हणजे सेंटिनेल नोड, शोधण्यासाठी बोंडाभोवती रंग टोचतात. निळा रंग त्वचेच्या वरच्या थरात टोचला तर निळसर डाग काही महिने राहू शकतो, आणि मिथिलीन ब्लू त्वचेत टोचल्यास तिथली त्वचा खराबही होऊ शकते. स्तन राखत असाल तर विचारा: "कुठला रंग, आणि किती खोल टोचणार?" किरणोत्सारी द्रव्य किंवा हिरवा फ्लुरोसंट रंग वापरला तर हा डागाचा प्रश्न येत नाही. निळ्या रंगानंतर एक-दोन दिवस लघवी हिरवट-निळी होते, घाबरू नका.

काखेचा छेद स्तनाच्या छेदाशी जोडला जाणार की वेगळा, हेही विचारून ठेवा. बाहेरच्या वरच्या भागातल्या गाठीसाठी बऱ्याचदा एकाच छेदातून दोन्ही कामं होतात. मात्र जोडलेला छेद काखेतून स्तनावर ओढला गेला तर बोंड बाहेरच्या बाजूला खेचतं.

## टप्पा ६: ऑपरेशनआधीचे दोन-चार आठवडे

तंबाखू पूर्ण बंद. सिगारेट, विडी, मिश्री, सगळं, किमान चार आठवडे आधीपासून. निकोटीनमुळे त्वचेच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि बोंड व त्वचा काळी पडण्याची शक्यता वाढते. निकोटीनच्या पट्ट्या आणि गोळ्यांबद्दलही विचारा, त्यातही निकोटीनच असतं. बोंड राखून ऑपरेशन किंवा पुनर्रचना करायची असेल तर ही अट अनेक सर्जन अडून धरतात, आणि ते बरोबरच करतात.

साखर आटोक्यात. मधुमेह असेल तर एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) पाहून डॉक्टरांशी बोला. रक्त पातळ करणारी औषधं आणि जडीबुटीच्या गोळ्या, दोन्हींची यादी द्या. ॲस्पिरिन वगैरे स्वतःच्या मनाने बंद करू नका.

फोटो. हे जवळजवळ कुणीच करत नाही, आणि सहा महिन्यांनी "आधी कसं होतं?" या प्रश्नाला उत्तर नसतं. उभं राहून, उजेड समोरून, मोकळ्या भिंतीपुढे, खांद्यापासून कमरेपर्यंत: समोरून हात खाली, समोरून हात डोक्यावर, दोन्ही बाजूंनी तिरकं आणि दोन्ही बाजूंनी सरळ. आरशातली सेल्फी चालणार नाही, हात उचलला की स्तन वर जातो आणि तुलना बिघडते. घरातलं विश्वासाचं माणूस घ्या किंवा हॉस्पिटलमध्ये काढून घ्या. दोन्ही स्तन आधीपासूनच सारखे नसतात, हे त्या फोटोत दिसेल आणि नंतरचा बराच मनस्ताप वाचेल.

उभं असताना खुणा. ऑपरेशनच्या दिवशी सर्जनने पेनाने खुणा करायच्या त्या तुम्ही उभ्या असताना. स्तनाखालची घडी, मधली रेषा, बोंडाची पातळी, छेदाची जागा. टेबलावर झोपल्यावर स्तन बाजूला पसरतो आणि घडी हलते. तसंच झोपवून खुणा करायला लागले तर अजिबात न बिचकता म्हणा, "डॉक्टर, उभी राहते, घडी तेवढी आखून घ्या."

पडताळा: या टप्प्यावर तुम्हाला छेद कुठे, किती टक्के भाग, पोकळी कशी भरणार, पोकळीत रेडिएशनसाठी क्लिपा लावणार का, आणि रेडिएशन कधी, ही पाच उत्तरं लिहून ठेवता आली पाहिजेत.

## टप्पा ७: पहिले सहा आठवडे, आणि पाण्याने केलेली फसवणूक

गाठ काढल्यावरच्या पोकळीत द्रव साठतो. त्यामुळे पहिल्या महिन्यात स्तन भरलेला, कधी कधी आधीपेक्षा गोल दिसतो. पेशंट खूश, घरचे खूश. पुढच्या काही महिन्यांत द्रव शोषला जातो, आतला भाग आकसतो आणि तेव्हा खड्डा दिसतो. म्हणून पहिल्या महिन्याच्या रूपावरून निकाल काढू नका, ना चांगला ना वाईट. दुसरं म्हणजे, हा द्रव सुईने पुन्हा पुन्हा काढायला लावू नका. ताण, दुखणं किंवा संसर्गाची लक्षणं नसतील तर तो तसाच ठेवणं बरं.

आतलं पाणी बाहेर काढणारी नळी (ड्रेन) लावलेली असेल तर किती पाणी आलं ते रोज एकाच वेळी मापून वहीत लिहा. २४ तासांत ३० मिलीपेक्षा कमी येऊ लागलं की बहुतेक सर्जन ती काढतात. नळीचा कंटाळा येतो म्हणून लवकर काढायचा हट्ट धरला की आत पाणी साचतं, मग संसर्ग, आणि इम्प्लांट असेल तर ते काढावं लागण्याची वेळ येते.

बोंड राखलं असेल तर पहिले काही दिवस रंगावर लक्ष ठेवा. हलक्या बोटाने दाबून सोडलं की पांढरं पडून पुन्हा रंग येतो का? थोडा जांभळटपणा काही दिवसांत उतरू शकतो. गडद जांभळं होऊन काळं पडायला लागलं, किंवा रंग परतच येत नसेल, तर त्याच दिवशी फोन करा.

इशारा: स्तन काढल्यानंतर किंवा पुनर्रचनेनंतर त्या त्वचेला संवेदना नसते. गरम पाण्याची पिशवी, शेकाचा पॅड, ड्रायरची गरम हवा तिथे लावू नका. चटका बसलेला कळत नाही, फोड आल्यावर कळतो.

अचानक एका बाजूला फुगवटा आणि ताण, वाढती लाली, ताप, छेदातून दुर्गंधी पाणी, यातलं काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. साकळलेलं रक्त आणि संसर्ग ही दोन्ही पुढे जाऊन आकार बिघडवणारी मोठी कारणं आहेत.

ब्रा समोरून उघडणारी, तारेविना, दिवसरात्र आधार देणारी. खांद्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टने सांगितल्या क्रमाने. हात आखडला तर रेडिएशनच्या वेळी डोक्यावर धरता येत नाही आणि तारीख पुढे जाते.

## टप्पा ८: कडांचा रिपोर्ट आणि दुसरं ऑपरेशन

पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये आधी कडा पाहा. दूधनळीबाहेर आजूबाजूच्या ऊतीत शिरलेल्या (इन्व्हेजिव्ह) कर्करोगात स्तन राखून पुढे रेडिएशन घेणार असाल, तर २०१४ पासूनचा मापदंड असा: तुकड्याच्या कडेला लावलेल्या शाईवर कर्करोगाच्या पेशी नसल्या की पुरे. दूधनळीतच असलेल्या कर्करोगासाठी, म्हणजे डीसीआयएससाठी, दोन मिलिमीटर अंतर मानतात. "अजून थोडं रुंद काढू या, खात्रीसाठी" असं कुणी सुचवलं तर कारण विचारा. कडा मोकळ्या असताना केलेलं दुसरं ऑपरेशन फक्त आकार घालवतं. कडा खरोखर बाधित असतील तर मात्र दिसण्यासाठी टाळाटाळ करू नका.

## टप्पा ९: रेडिएशन, जिथे निकाल खरा ठरतो

रेडिएशनमुळे आधी त्वचा लाल-काळसर होते आणि सूज येते. पुढच्या महिन्या-वर्षांत ऊती आकसतात, घट्ट होतात. बूस्ट, म्हणजे गाठीच्या जागी दिलेला जादा डोस, गाठ परत येण्याचं प्रमाण कमी करतो आणि घट्टपणा वाढवतो. तुमच्या वयाला, गाठीला बूस्ट किती गरजेचा हे विचारा. पोकळीत क्लिपा असतील तर बूस्ट नेमक्या जागी बसतो, म्हणूनच टप्पा ६ मध्ये ते विचारायला सांगितलं. वेळापत्रकाबद्दलही बोला: ४० ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसाचं माप) १५ बैठकांत देण्याची पद्धत ५० ग्रेच्या २५ बैठकांपेक्षा दिसण्यात कमी पडत नाही, ब्रिटनच्या स्टार्ट चाचण्यांत काही बदल तर कमीच आढळले.

इम्प्लांट बसवायचं असेल आणि रेडिएशन लागणार असेल, तर दोन्ही डॉक्टरांना एकत्र बसवा. इम्प्लांटवर रेडिएशन झालं की भोवतीचं आवरण कडक होऊन स्तन वर चढण्याचं प्रमाण वाढतं. अशा वेळी आधी एक्सपांडर, म्हणजे त्वचा ताणून जागा राखणारी फुगवायची पिशवी, ठेवून रेडिएशननंतर पोटाच्या किंवा पाठीच्या ऊतीने पुनर्रचना करणं हा मार्ग असतो. रोबोटने लहान छेदातून घातलेल्या इम्प्लांटलाही हा नियम लागू आहे. यंत्रामुळे रेडिएशनचा परिणाम बदलत नाही.

त्या काळात बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर, सैल सुती कपडे. किरण घेतलेल्या त्वचेवर चिकटपट्टी लावायची नाही, उन्हात उघडी ठेवायची नाही.

व्रणासाठी जखम पूर्ण बंद झाल्यावर सिलिकॉनची पट्टी किंवा जेल काही महिने वापरा. ज्यांना केलॉइड (व्रण जाड होऊन वाढत जाणं) होतं त्यांनी ते सर्जनला ऑपरेशनआधीच सांगावं. मालिश सर्जन परवानगी देईल तेव्हा, आणि रेडिएशन सुरू असताना नाही.

## टप्पा १०: निकाल कधी आणि कसा मोजायचा

रेडिएशन संपून एक वर्ष झाल्यावर पहिली खरी तुलना, आणि तीन वर्षांनी दुसरी. आधीच्याच जागी, त्याच उजेडात, तेच फोटो. पाहायचं ते असं: दोन्ही बोंडांची उंची, घडीची पातळी, हात वर केल्यावर खड्डा उमटतो का, त्वचेचा रंग, व्रण आणि स्पर्शाला घट्टपणा. डॉक्टर हे उत्कृष्ट, चांगलं, बरं, वाईट अशा चार पायऱ्यांवर मोजतात. फोटोवरून मोजणारी सॉफ्टवेअरही आहेत. पण ब्रेस्ट-क्यू ही प्रश्नावली तुम्ही स्वतः भरायची असते आणि तिच्यात स्तनाबद्दलचं समाधान, मनःस्थिती, शारीरिक व लैंगिक आयुष्य यांचे वेगवेगळे गुण मिळतात. सर्जन "उत्कृष्ट" म्हणतो आणि तुम्हाला आरशात बघवत नाही, असं असेल तर तुमचे गुण त्याला दाखवा.

दुरुस्ती करायची असल्यास घाई नको. खड्ड्यात स्वतःच्या पोटाची किंवा मांडीची चरबी भरता येते. रेडिएशननंतर ऊती शांत व्हायला सहसा सहा महिने ते वर्ष थांबतात. भरलेल्या चरबीचा काही भाग शोषला जातो, म्हणून दोन-तीन बैठका लागू शकतात, आणि त्यानंतर मॅमोग्राफीत दिसणारे बदल वाचणाऱ्या रेडिऑलॉजिस्टला चरबी भरल्याची तारीख सांगावी लागते. दुसऱ्या बाजूचा स्तन लहान करून दोन्ही जुळवायचे असतील तर तेही रेडिएशन झालेल्या स्तनाचा आकार स्थिरावल्यावर करा. आधी केलं तर एक बाजू आकसत राहते आणि जुळवलेली जोडी पुन्हा बिघडते.